फाटकाबाहेरचा मिस्त्री

माझ्या धंद्यातलं निम्मं काम पाठीवर झोपून होतं. गाडीखाली पोतं अंथरायचं, उताणं पडायचं आणि छातीच्या वीतभर वर लटकणाऱ्या लोखंडाशी गोडीगुलाबीनं बोलायचं. आमच्या घरी नवा पाहुणा आला आणि त्यानं "हे काय करतात?" असं विचारलं, की माझी बायको मंदा चहाचा कप पुढे करत सांगते, "झोपून असतात." पाहुणा बिचारा माझ्या तब्येतीची चौकशी करतो. मग मी माझे काळे हात दाखवतो आणि गैरसमज दूर करतो. हात धुतलेले असतात. काळे ते तरीही असतातच.

पवनीत माझं गॅरेज आहे. टिनाचं शेड, एक खड्डा, लोखंडी घोडी, साखळीचा झुला आणि भिंतीवर पान्यांची रांग. चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या जीपगाड्या, त्यातही गिअरबॉक्स आणि क्लच, एवढंच माझं राज्य. बाकीची कामं मी घेत नाही, असं गिऱ्हाइकाला रुबाबात सांगतो. खरं म्हणजे बाकीची कामं मला तेवढी नीट येत नाहीत. पण माणसानं नकार दिला की तो मोठा कारागीर वाटतो, हे मी उमेदवारीतच शिकून घेतलं.

अशा गाड्या चालवणारी माणसं जरा वेगळीच असतात. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे एक गृहस्थ होते. त्यांची जीप घरच्या लेकीसारखी लाडात वाढलेली. चिखल तिनं कधी पाहिला नाही. पण हे गृहस्थ दर रविवारी कडक डांबरी सडकेवर पुढची चाकं जोडायचे आणि मैलभर फिरवून आणायचे. का, तर पुढच्या गिअरांना व्यायाम व्हावा म्हणून. चारही चाकं जोडून कोरड्या सडकेवर वळणं घेतली की गाडीची हाडं कडकडतात. चिखलात चाक थोडं घसरतं, त्यामुळे आतला ताण निघून जातो. डांबरावर तो कुठं जाणार? तो गिअरबॉक्समध्ये जातो. मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन मंग तिनं रविवारी करावं काय?"

एक गुरुजी होते. त्यांच्या गिअरबॉक्समधून आवाज यायचा, आणि तो कसा येतो हे ते स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचे. दुसऱ्या गिअरचा वेगळा, तिसऱ्याचा वेगळा, उतारावरचा वेगळा. इतके हुबेहूब, की मी गाडी न उघडताच बेअरिंग गेल्याचं ओळखलं. ते गेले की शेजारचा पंक्चरवाला त्यांची नक्कल करायचा, पण त्याला ते जमायचं नाही. त्याचा नेहमी टॉप गिअरच निघायचा.

जळालेल्या क्लचचा वास मात्र मला कुठंही ओळखू येतो. लग्नाच्या पंगतीत बसलो असताना वाऱ्याबरोबर तो आला, की माझा हात भातावरच थांबतो. मंदा कोपरानं ढोसते, "जेवा. तुमची गाडी नाही ते." माझी नसते हे खरं. पण कुणाची तरी असतेच ना.

आता असल्या गाड्या कमी होत चालल्या. नव्या गाड्यांत मिस्त्रीच्या आधी कॉम्प्युटर लावतात, आणि तो जे सांगेल ते बदलतात. माझी कंबर म्हणते बरं झालं. मन तसं म्हणत नाही. असो. मला कुणी विचारलं की आयुष्यातला सगळ्यात अवघड गिअरबॉक्स कोणता, तर लोकांना वाटतं मी एखाद्या जंगलातल्या घाटाची किंवा पुरात अडकलेल्या गाडीची हकिकत सांगेन. तसं काही नाही. माझा सगळ्यात अवघड गिअरबॉक्स एकोडीला, माझ्या सासरवाडीच्या अंगणात होता. आणि अवघड एवढ्यासाठी, की मला त्याला हात लावायची बंदी होती.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही, तिथून ती खरी सुरू होते. गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी. लेकी-जावई येतात, गावाच्या मोकळ्या मैदानात, आखरावर, दुकानं लागतात, सिंगाड्यांचे ढीग पडतात, दिवसा दंडारीचा नाच आणि रात्री नाटक. एकोडीच्या मंडईला आम्ही दरवर्षी जातो. तिथं माझं काम ठरलेलं. मी जावई असतो. म्हणजे खाटेवर बसायचं, जे येईल ते खायचं, आणि पुरे म्हटलं की आणखी वाढून घ्यायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे मामीजी, या बाबतीत फार कडक. जावयानं त्यांच्या घरी पाण्याचा गडवासुद्धा स्वतः उचलायचा नाही. एकदा मी उगाच फाटकाची सैल झालेली बिजागरी पिळत होतो, तर त्यांनी माझ्या हातातला स्क्रू काढून घेतला आणि त्याऐवजी लाडू ठेवला. इतकी वर्षं त्या घरात मला सगळ्यांनी जेवताना पाहिलं, झोपताना पाहिलं. काम करताना कुणीही पाहिलं नव्हतं. मी मिस्त्री आहे ही त्यांच्यासाठी ऐकीव गोष्ट होती.

त्या वर्षी आम्ही मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी पोचलो, तर अंगणात माझा मेहुणा दिलीप याची जीप उभी. तिच्या पोटात गिअरबॉक्सच्या जागी मोठं भगदाड, आणि शेजारी पोत्यावर नागपूरच्या कबाडीतून आणलेला जुना पण धड गिअरबॉक्स. वर नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, कागदात गुंडाळलेली. दिलीपनं पावसाळाभर चिखलात क्लचवर पाय ठेवून गाडी रेटली होती. क्लच जळला, दुसऱ्या गिअरचे दात गेले. साकोलीच्या ज्या मिस्त्रीनं जुना गिअरबॉक्स उतरवला, तो दिवाळीसाठी आपल्या गावाला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. दिवाळीत मीही उचलत नाही, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही.

इतर वर्षी यानं कुणाचं काही अडलं नसतं. पण त्या वर्षी सोनाआत्याला आणायचं होतं.

सोनाआत्या माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, थोरली बहीण. नाल्यापलीकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर दिलेली. मंडईला माहेरी यायचं तिनं कधी चुकवलं नव्हतं. मग ती पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि दोन मंडया तिच्याविना गेल्या. आता काठी धरून उठत-बसत होती, पण चालणं संपलं होतं. त्यात परतीच्या पावसानं नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे बुटक्या पुलाचा, दोन्हीकडचा भराव नेला. ऑटो अलीकडेच थांबायचा. पलीकडे जायचं तर ट्रॅक्टर, नाहीतर चारही चाकं ओढणारी गाडी. ट्रॅक्टरचं तिला विचारलं होतं. तिनं निरोप धाडला, "धानाच्या पोत्यावानी ट्रालीत पडून मी माहेराले येत नसतो." मग कुणीतरी म्हणालं, चार जण खाटेवर उचलून आणू. त्यावर तिचं उत्तर आलं, "खाटेवर मी एकदाच जाईन, आन् ते माहेराले नाही."

मामाजींनी तिला शब्द दिला होता की या साली दिलीपच्या जीपमध्ये, पुढच्या शिटावर बसवून आणतो. ती शेजारपाजारच्या साऱ्या बायांना सांगून बसली होती. तालुक्यात ज्यांच्याकडे तशा गाड्या होत्या, त्या ज्याच्या त्याच्या मंडईला जुंपलेल्या. म्हणजे हीच जीप, आणि उद्या दुपारच्या आत.

मी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या. मामीजी समोर उभ्या राहिल्या.

"जवाईबुवा, बसा."

मी म्हटलं, मामीजी, हे माझंच काम आहे. त्या म्हणाल्या, तुमच्या गावी असंल. इथं सणाच्या दिवशी जावयाला गाडीखाली घातला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मामाजींकडे पाहिलं, तर ते आभाळाकडे पाहत होते. मंदाकडे पाहिलं, तर ती हसत होती. शेवटी असं ठरलं की काम दिलीपनं आणि त्याचा दोस्त शालीक यानं करायचं, आणि मी खाटेवरून सांगायचं. मामीजींनी जीपच्या मागच्या बाजूला खाट टाकली, तिच्यावर नवी चादर अंथरली, आणि माझ्या हातात पान्याऐवजी चिवड्याची ताटली दिली.

गिअरबॉक्स बसवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चार चाकांच्या गाडीला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा जोडलेला असतो, तो पुढच्या चाकांना ताकद वाटून देतो. दोन्ही मिळून भरल्या पोत्याएवढं वजन. ते खालून वर उचलायचं, आणि त्याच्या तोंडाशी असलेला दातेरी दांडा क्लच प्लेटच्या दातेरी भोकात सरळ घालायचा. केसभरही तिरपं चालत नाही. गॅरेजमध्ये माझ्याकडे साखळीचा झुला आहे. अंगणात काय? मी दिलीपला धानाच्या कोंड्याची पोती आणायला सांगितली. माझ्या उस्तादाची ही रीत. कोंड्याचं पोतं गिअरबॉक्सखाली सारायचं, वर दुसरं, आणि मग त्याला बुक्क्या मारायच्या. या कोपऱ्यात बुक्की मारली की लोखंड तिकडून उतरतं, त्या कोपऱ्यात कोंडा कोंबला की इकडून चढतं. लोखंडी जॅकला असलं नाजूक काम येत नाही. एकोडीत कोंड्याला तोटा नाही.

सकाळभर मी खाटेवरून ओरडत होतो आणि खात होतो. दोघं पोरं खरंच मन लावून करत होती. इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, पुसून झालं. शालीकनं क्लच प्लेट हातात धरून विचारलं, ही कोणत्या बाजूनं? ही प्लेट एका अंगानं सपाट असते आणि दुसऱ्या अंगानं, मधोमध, स्प्रिंगांमुळे फुगीर. फुगीर अंग गिअरबॉक्सकडे, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला राहिलं पाहिजे. माझ्या तोंडात अनारसा होता. मी हातानं खूण केली आणि म्हटलं, "फुगीर बाजू माझ्याकडे."

त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात मामीजींनी सगळ्यांना जेवायला उठवलं.

जेवणाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर मला खाटेपर्यंत नेताना मंदानं एका बाजूनं धरलं होतं. मागच्या बाजूला आता ऊन आलं होतं, म्हणून मामीजींनी खाट उचलून जीपच्या पुढे, पडवीच्या सावलीत ठेवली होती. जावयाला ऊन लागू नये. मी पडलो. डोळा लागला. पोरं कामाला लागली. प्लेट हातात घेतल्यावर शालीकनं दिलीपला विचारलं, भाऊजींनी काय सांगितलं होतं? दिलीपनं बॉनेटच्या पुढे घोरत पडलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. फुगीर बाजू त्यांच्याकडे. आणि त्यांनी ती इमानदारीनं, अगदी मन लावून, माझ्याकडे केली.

मी उठलो तेव्हा गिअरबॉक्स चढलेला, बोल्ट पिळलेले, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट जोडलेले. मला इतका आनंद झाला की मी शालीकची पाठ थोपटली. तो कळवळला, कारण पोती रेटता रेटता त्याच्या पाठीत उसण भरली होती. दिवे लागायच्या आधी दिलीपनं इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. कर्रर्र असा आवाज आला. पुन्हा दाबला, पुन्हा कर्रर्र. गुरुजी असते तर त्यांनी तो तोंडानं काढून दाखवला असता. क्लच दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला सोडत नव्हतं. असं का होतं हे मला लगेच कळलं. फक्त असं कसं झालं हे कळेना.

"दिलीप, प्लेट कोन्या बाजूनं टाकली?"

"तुमीच त म्हनलं, फुगीर बाजू माह्याकडे."

"मी मागं बसलो होतो."

"नाही जी. तुमी पुढं झोपून होते."

मी खाटेकडे पाहिलं, मामीजींनी खाटेकडे पाहिलं. मग मंदाला हसू फुटलं. ती पदरात तोंड घालून हसायला लागली तशी कंबर धरून बसलेला शालीकही हसायला लागला.

मामाजी मात्र हसले नाहीत. ते ओट्यावर जाऊन बसले. सगळं पुन्हा उतरवायचं, प्लेट उलटी करायची, पुन्हा चढवायचं. पोरांना ते बसवायला अख्खा दिवस लागला होता, आणि आता शालीकला वाकताही येत नव्हतं. मामाजी हळूच म्हणाले, "जाऊ द्या. टोलीवर निरोप धाडा. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली हे शब्द ऐकून मामीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. सोनाआत्याचं वय घरात सगळ्यांना माहीत होतं. निरोप धाडायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर जाऊन बसलो, तर मामीजी अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या जीपकडे पाहत होत्या, मग फाटकाकडे, मग पुन्हा जीपकडे. त्यांनी दिलीपला हाक मारली.

"दिल्या, हे आंगन कोनाचं?"

"आपलं."

"आन् जवाई कोनाचे?"

"आपले."

"फाटकाच्या भाईरची सडक कोनाची?"

दिलीप घुटमळला. "पंचायतीची."

"मंग गाडी सडकेवर काढा. सडकेवर कोनी कोनाचा जवाई नसते. तिथं जो गाडी दुरुस्त करते तो मिस्त्री."

मी आजवर कितीतरी गाड्या ढकलत गॅरेजमध्ये आणल्या असतील. गॅरेज अंगणात असताना गाडी ढकलत बाहेर नेलेली पहिल्यांदाच पाहिली. घरचे, शेजारचे, मंडईला आलेले पाहुणे, सगळ्यांनी हात लावला. मामाजीसुद्धा ओट्यावरून उतरून आले. गाडी फाटकाबाहेर गेली, सिमेंटच्या सडकेच्या कडेला लागली, आणि मामीजी फाटकाच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या. मी इस्त्रीचा शर्ट काढून त्यांच्या हातात दिला, दिलीपची जुनी बनियान आणि लुंगी चढवली, आणि उंबरठा ओलांडल्यासारखं फाटक ओलांडून बाहेर पडलो. आत असताना माझ्याखाली नवी चादर होती. बाहेर त्यांनी मला पोतं दिलं.

किती बरं वाटलं सांगू. पाठीला पोत्याचा खरखरीत स्पर्श, नाकात ग्रीसचा वास, वर माझ्या ओळखीचं लोखंड. जावई म्हणून अंग चोरून बसलेला माणूस पाठ टेकताच मोकळा झाला. शाफ्ट सोडण्याआधी त्यांच्या जोडावर खूण करायची असते, नाहीतर परत बसवताना फिरले तर गाडी थरथरते. खडू नव्हता. मंदानं आतून कुंकवाचा करंडा आणला. मी गाडीखाली बोटानं कुंकू लावत होतो, आणि सडकेवरून जाणारी एक म्हातारी हात जोडून पुढे गेली.

मंडईला निघालेलं अख्खं गाव त्याच सडकेनं चाललं होतं. मला फक्त पाय दिसत होते. नव्या चपला, पैंजण, बूट. प्रत्येक जोडी माझ्याजवळ येऊन थांबायची. एकानं वाकून विचारलं, "काहून जी, सासऱ्यानं भाईर काढलं का?" मी म्हटलं, नाही, सासूनं. त्याला तेवढं पुरलं. तो पुढे जाऊन दहा जणांना सांगता झाला. दिलीप माझ्या शेजारी पोती सारत होता, आणि आज खाटेवरून सांगायचं काम शालीककडे होतं. तो फाटकाच्या आत माझ्याच चादरीवर कंबर शेकत पडला होता आणि माझंच चुकतंय असं अधूनमधून सांगत होता.

गिअरबॉक्स खाली आला. उलटी प्लेट निघाली. ती सुलट लावताना बरोबर मधोमध बसवायला एक दांडा लागतो. माझा गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला. मामीजींनी फाटकावरून लाटणं दिलं, त्याला चिंध्या गुंडाळून मी जाड केलं, आणि ते असं बसलं की जणू त्यासाठीच केलं असावं. लाटणं घुसवत होतो तेव्हा माझ्या कानाशी पदर आला. मामीजी सडकेवर येऊन, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून पाहत होत्या.

"हे थाळी कायले पायजे?"

मी म्हटलं, मामीजी, धानाच्या गिरणीचा पट्टा उतरवला की काय होतं? त्या म्हणाल्या, इंजिन चालू राहतं आणि गिरणी थांबते. मी म्हटलं, ही थाळी म्हणजे तो पट्टा. पाय दाबला की इंजिनपासून सुटते, पाय उचलला की धरते. सोडल्याशिवाय गिअर बदलता येत नाही.

त्यांनी थोडा विचार केला. "मंजे काल पट्टा उतरूनच नव्हता राहिला."

"तेच."

"मंग त सोपं आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं स्टीलचा पेला घेऊन आल्या. बशी नाही, ताटली नाही, लाडू नाही. पेला पोत्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, चहा."

मी गाडीखाली होतो म्हणून बरं. माझा चेहरा कुणाला दिसला नाही. इतकी वर्षं त्या घरी मी वाट्या भरभरून तूप खाल्लं असेल, पण त्या पेल्यातल्या चहासारखं काही लागलं नव्हतं.

मग पोत्यांना बुक्क्या मारत, एकदा इकडून, एकदा तिकडून, आम्ही तो डबा चढवला. दांडा प्लेटच्या दातांपाशी अडला. मी दिलीपला गिअर टाकून डब्यामागचा शाफ्टचा जोड हातानं जरा फिरवायला सांगितलं, आणि छातीनं हलकेच रेटा दिला. टक् असा बारीक आवाज झाला आणि सगळं आत गेलं. हा आवाज ज्यानं ऐकला त्यालाच तो कळतो. बोल्ट, शाफ्ट, ऑइल. दिलीपनं इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. काहीच आवाज आला नाही. ओट्यावरचे मामाजी उठले आणि जाऊन जीपच्या मागच्या शिटावर बसले. पुढचं शीट त्यांनी मोकळं ठेवलं होतं.

मीही सोबत गेलो, त्याच बनियानीवर. नाल्याच्या काठाशी दिलीपनं पुढची चाकं जोडली. गाडी चिखलात उतरली, जरा डुलली, आणि ओल्या भरावावरून म्हशीसारखी निवांत वर निघाली. दारात सोनाआत्या नवं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन सकाळपासून बसली होती. तिनं मामाजींना, पिकल्या केसांच्या, नातवंडं असलेल्या माणसाला, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उशीर केला रे बारक्या."

मामाजी म्हणाले, "गाडी बिघडली होती, बाई." आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून पुढच्या शिटावर बसवलं. टोलीवरच्या साऱ्या बाया पाहायला आल्या होत्या. आत्यानं गाडी वळवताना सावकाश वळवायला लावली.

एकोडीच्या वेशीपाशी घराकडे वळायचं, तर आत्यानं दिलीपच्या हातावर हात ठेवला. घर काय कुठं पळून चाललं नाही, म्हणाली, मंडई पाहू दे. आखराच्या रस्त्यावर माणूस माणसाला लागलेला. दोन्हीकडे दुकानं, मधून गर्दी. दिलीप अर्धा क्लच दाबून गाडी रेटायला लागला, आणि माझ्या नाकात तो वास आला. नव्या कोऱ्या प्लेटचा. मी त्याला उतरवलं आणि स्वतः बसलो. मंडई सडकेवर होती, त्यामुळे माझं मिस्त्रीपण अजून चालू होतं.

त्या दुसऱ्या डब्यात एक खालचा टप्पा असतो. चिखलातून वजन ओढायला. तो टाकला, पहिला गिअर टाकला, आणि दोन्ही पाय उचलून घेतले. क्लच नाही, ॲक्सिलेटर नाही. गाडी आपल्या आपण चालायला लागली, रांगत्या लेकरापेक्षाही हळू. गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात ती गाडी का पळत नाही म्हणून. ती किती हळू चालते हे पाहायला आजवर कुणी आलं नव्हतं.

आत्यानं विचारलं, "थांबली का?"

मी म्हटलं, नाही आत्या, चालू आहे. तिनं खाली चाकाकडे पाहिलं, खात्री केली आणि टेकून बसली. मग तिनं मंडई पाहिली. एकेक दुकान पाहिलं. बांगड्यांपाशी हात बाहेर काढून हिरव्या मागवल्या, आणि कासारीण गाडीबरोबर चालता चालता तिच्या हातात भरत गेली. दंडारीच्या पोरांनी गाडीपुढे फेर धरला, तोही पूर्ण पाहून झाला आणि आम्ही तरीही तिथंच होतो. कुणीकुणी येऊन पाया पडत होतं, ओळख सांगत होतं, आणि ती प्रत्येकाला त्याच्या आजीचं नाव विचारत होती. मामीजी घरून चालत आल्या होत्या. त्या खिडकीशी चालत सिंगाडे सोलून नणंदेच्या हातावर ठेवत होत्या, आणि अधूनमधून गाडी मागं पडली की थांबून वाट पाहत होत्या. मागच्या शिटावर मामाजी होते. आरशात पाहिलं तर त्यांचं तोंड सिंगाड्यांनी भरलेलं होतं आणि डोळे ओले होते.

एवढ्यात मागून एक बैलबंडी आली. घुंगरं वाजवत ती आमच्या बाजूनं आली, बरोबरीला आली आणि पुढे निघून गेली. बंडीवाल्याला वाईट वाटलं असावं. त्यानं वळून काळजीनं विचारलं, "काय जी, गाडी बिघडली का?"

मी तोंड उघडायच्या आत सोनाआत्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"नाही बापा," ती म्हणाली, "आत्ताच दुरुस्त झाली."